दोघांचाही स्कोअर १२, पण हाल अगदी वेगळे. गावात नैराश्याची तीव्रता ठरवायची कशी?

उपकेंद्र_सीएचओ (प्रश्न)

नमस्कार. मी पश्चिम विदर्भातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. चार गावं, पाच आशाताई, साधारण पाच हजार वस्ती. कापूस, तूर, सोयाबीन. विहिरीला पाणी असेल त्याचा हरभरा-गहू. इथे मानसिक आरोग्यात काम केलेले बरेच जण लिहितात, म्हणून जरा सविस्तर विचारते.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांची जोखीम बघायची घरोघरची प्रश्नावली, आशाताई भरतात. त्यात मनाबद्दल दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही असे किती दिवस गेले, आणि उदास, निराश किती दिवस वाटलं. ज्यांचे गुण जास्त येतात त्यांना मी गाठते आणि पूर्ण नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली विचारते. दर प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम-तीव्र, विसापासून तीव्र. प्रशिक्षणात हे अर्ध्या तासात समजलं होतं. घरोघरी गेल्यावर मात्र रोज अडते.

तीन माणसं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पहिल्या बाई चाळिशीच्या, मजुरीने कापूस वेचायला जातात. स्कोअर १२. झोप नाही, थकवा रोज, भूक नाही, हातपाय जड, लक्ष लागत नाही. पण दुःख, निराशा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं या प्रश्नांना शून्य. पाळी महिन्यातून दोनदा येते. हिमोग्लोबिन तपासलं तर ७.६ निघालं. वेचणीला पहाटे चारला उठतात. त्यांचं म्हणणं एवढंच की, "मले काई झालं नाई मॅडम, आंगात जीवच नाई रायला."

दुसरा तिशीतला तरुण, दोन एकर कोरडवाहू. त्याचाही स्कोअर १२. झोप आणि भूक बऱ्यापैकी. पण कशातच रस नाही, रोज निराश, घरच्यांना मी तोंड दाखवायच्या लायकीचा नाही असं रोज वाटतं. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरून गेलेलं बरं असं वाटतं का, याला तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला, "कधी कधी." फॉर्मप्रमाणे दोघंही "मध्यम".

तिसरे आजोबा, सत्तरीचे. स्कोअर ४. मुलगा आणि सून शेजारीच बसून होते आणि निम्मी उत्तरं मुलानेच दिली. पण आशाताई सांगते की आजोबा पोळ्यापासून पारावर आले नाहीत, भजनाला येणं बंद, दाढीसुद्धा कुणी आठवण केली तरच. चार म्हणजे फॉर्मच्या भाषेत काहीच नाही.

यात हंगामही आडवा येतो. रब्बीत शेतीची लाईट पाळीपाळीने रात्री येते आणि माणसं रात्री बारा वाजता मोटर चालू करायला जातात. त्या आठवड्यात झोपेचा आणि थकव्याचा प्रश्न विचारला तर अर्ध्या गावाचे सहा गुण तिथेच होतात.

आता माझे प्रश्न. तीव्रता स्कोअरवरून ठरवायची नाही तर कशावरून? तरुणासारख्या माणसाला नववा प्रश्न विचारल्यावर पुढे काय आणि कसं बोलायचं? आणि तिसरं असं की, दर महिन्याच्या बैठकीत दहाच्या वरचे सगळे "नैराश्याचे रुग्ण" म्हणून एक आकडा मागतात. तोच आकडा पुढे गावाच्या आराखड्यात "आजाराचा भार" म्हणून जाणार आहे. यात वेचणीच्या बाई मोजल्या जातात आणि आजोबा सुटतात. हा आकडा द्यावा असं मला वाटत नाही, पण त्याऐवजी काय द्यावं हेही सांगता येत नाही. माझ्या गावातली माणसं नीट मोजली जावीत एवढंच मला हवंय, कारण मोजली तरच औषध येईल, डॉक्टर येईल.

---

मनोसामाजिक_दादा

ताई, मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोसामाजिक कार्यकर्ता म्हणून बरीच वर्षं काढली, आता मोकळा आहे. तुमच्या तिन्ही माणसांबद्दल बोलतो, कारण उत्तर तिथेच आहे.

पीएचक्यू-९ च्या नऊ प्रश्नांखाली एक दहावा प्रश्न छापलेला असतो. त्याला गुण नाहीत, म्हणून बहुतेक जण तो सोडून देतात: या त्रासांमुळे काम करणं, घर सांभाळणं, माणसांशी वागणं किती अवघड झालं? माझ्या मते गावात तीव्रता ठरवताना याच प्रश्नावर जास्तीत जास्त वेळ घालवावा. आणि तो "किती अवघड" असा विचारायचाच नाही. आधी काय करत होतात आणि आता काय सुटलं, असं विचारायचं. शेतात जाणं सुटलं का? गेलात तरी बांधावर बसून राहता का? चूल कोण पेटवतं? बाजाराला कोण जातं? लग्नाला, तेरवीला गेलात का? आंघोळ? गुरांचं पाणी? ज्याचं स्वतःच्या अंगाचं आणि गोठ्यातल्या जनावराचंही करणं सुटलंय, त्याचा स्कोअर काहीही येवो, तो आजार तीव्र समजा. तुमचे आजोबा यात बसतात. पार सुटला, भजन सुटलं, दाढी सुटली. ही तीन लक्षणं आशाताईने आणली आणि फॉर्मवर एकही आलं नाही.

आजोबांना पुन्हा विचारा, पण एकटे असताना. बीपी तपासायच्या निमित्ताने उपकेंद्रात बोलवा, मुलाला बाहेर औषधाच्या खिडकीशी थांबवा. म्हातारपणी कमी ऐकू येणं, विसरायला होणं हेही पाहावं लागतं, कारण विस्मरणाचा आजार सुरू होतानाही माणूस असाच मागे मागे सरतो. थायरॉइड, साखर, आणि कुठली गोळी नव्याने सुरू झाली का, तेही बघा.

वेचणीच्या बाईंचं आधी रक्त वाढवा. ७.६ हिमोग्लोबिनवर पहाटे चारपासून ओझं वाहणाऱ्या बाईला थकवा येणारच. पाळी महिन्यातून दोनदा का येते याची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या. पण त्यांना यादीतून काढूनही टाकू नका. आपल्याकडच्या कित्येक बायका मनाचं दुखणं अंगावरच सांगतात: डोकं जड, कंबर भरून येते, अंगावरून पांढरं जातं. गोव्यात यावर अभ्यास झाला आहे. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त दिसला. म्हणून लोह सुरू करा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच नऊ प्रश्न विचारा, आणि त्या वेळी घरात काय चाललंय, नवरा पितो का, हात उचलतो का, हेही विचारा. एका दिवसाच्या स्कोअरवर कुणाला रुग्ण ठरवू नये आणि कुणाला मोकळंही करू नये.

आता तो तरुण. तिघांत पहिला नंबर त्याचा, आणि त्याच्यासाठी पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं की एकूण बेरीज बाजूला ठेवायची. विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो ही भीती सगळ्यांना असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी स्पष्ट विचारलं याने माणसाच्या छातीवरचं ओझं हलकं होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पायरी-पायरीने विचारा. "आपण नसलेलं बरं असं वाटतं का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का? कसं करायचं हेही ठरवलंय का? कधी? याआधी कधी प्रयत्न केलाय का?" आवाज साधा ठेवा. बायका-पोरांचा विचार कर, असं लगेच म्हणू नका. त्याला आधीच लाज खात असते, त्यात भर पडते.

नुसता विचार येतो, ठरवलेलं काही नाही, असं उत्तर आलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट आणि मधे दर दोन दिवसांनी तुमची किंवा आशाताईची चक्कर. ठरवलेलं असेल, आधी प्रयत्न केलेला असेल, किंवा दारू जोरात असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरातल्या ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याला, त्याला विचारूनच, सोबत घ्यायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. पुढची गोष्ट घरच्यांकडून करून घ्या: फवारणीचं औषध घरात ठेवायचं नाही, शेजाऱ्याकडे किंवा भावाकडे कुलुपात. हंगाम असला तरीही. मनात आलेली ती लाट बऱ्याचदा काही वेळाची असते. त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये स्वतः टाकून द्या आणि एकदा तुमच्या समोर लावून बोलू द्या. नुसता कागदावर दिलेला नंबर कुणी लावत नाही. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवत असतील तर त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं, आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

डॉक्टरांकडे पाठवताना चिठ्ठीत एक ओळ आठवणीने लिहा: याआधी कधी उलट झालं होतं का? म्हणजे झोप न लागताही दिवसचे दिवस जोश, वाट्टेल तसा पैसा उडवणं, मोठमोठ्या गोष्टी. ते असेल तर गोळी वेगळी द्यावी लागते.

---

आशा_गाव_वऱ्हाड

मॅडम, मी आशा आहे, तुमच्या नाही, दुसऱ्या तालुक्यातली. दादांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण विचारायचं कुठे तेही सांगते.

दारात उभं राहून फॉर्म काढला की बाई म्हणते, "सगळं चांगलं हाये." सासू कान देऊन असते. मी फॉर्म पिशवीतच ठेवते. धान्य निवडत बसलेली असली की मीही सूप घेऊन बसते आणि गोष्टी निघतात. लसीकरणाच्या दिवशी मात्र विचारू नये, तिथे गर्दी असते आणि लेकरं रडत असतात. पुरुषांचं वेगळं. पुरुष माझ्याशी बोलत नाहीत. ते दुधाच्या डेअरीवर, नाहीतर कृषी केंद्रात बसलेले असतात. आमच्या गावातल्या कृषी केंद्रवाल्या भाऊंना मी सांगून ठेवलंय की फवारणी नसताना कुणी औषध मागितलं, किंवा नेहमीचा माणूस एकदम गप्प झाला, तर मला फोन करा. त्यांनी दोनदा फोन केलाय. दोन्ही माणसं आज शेतात आहेत.

बाळंतिणींना विसरू नका. आमच्या फॉर्मला तिशीची अट आहे आणि आमच्या सुना विशी-बाविशीच्या. मुलगी झाली म्हणून माहेरून कुणी न्यायला आलं नाही, रात्रभर लेकरू रडते, हिला रडू येते आणि सासू म्हणते नाटक. बाळाच्या भेटीला जाते तेव्हा मी बाळाचं वजन झालं की आईलाही दोन प्रश्न विचारतेच, कागदावर रकाना असो नसो.

आणि एक सांगते, मनापासून. माणसं मला विचारतात, तुले सांगून काय होते? मी सांगते डॉक्टर आहेत. डॉक्टर उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी येतात. जायला बस सकाळची एक. दिवसाची मजुरी बुडते, सोबतच्याचीही बुडते. पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात, पहिले पंधरा दिवस फरक कळत नाही, तोंड सुकते, मळमळते, आणि माणूस म्हणतो गोळीनं काही होत नाही. तिथेच सुटते. तुम्ही मोजाल तेव्हा हेही मोजा की किती जण दुसऱ्यांदा गेले.

---

उपकेंद्र_सीएचओ

ताई, कृषी केंद्राचं मी उद्याच करते. दादा, तरुणाकडे आज संध्याकाळी जाऊन आले. ठरवलेलं काही नाही. औषधाचा डबा त्याच्या थोरल्या भावाने नेलाय, आणि परवा तो माझ्यासोबत डॉक्टरांकडे यायला तयार आहे. आकड्यांबद्दल अजून कुणी सांगेल का?

---

जनआरोग्य_आकडे

मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये शिकवतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर बोलतो, कारण तुमची शंका अगदी रास्त आहे आणि ती बैठकीत आकड्यांनीच मांडता येईल.

दहाचा कट-ऑफ घेतला तर पीएचक्यू-९ खरे आजारी असलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के पकडते आणि आजारी नसलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना बरोबर बाजूला ठेवते. २०१९ मध्ये अनेक देशांच्या अभ्यासांतल्या एकेका माणसाची माहिती एकत्र करून हे आकडे काढले गेले. ऐकायला उत्तम. आता गावात लावून बघा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात त्या वेळी नैराश्याचा आजार असलेले प्रौढ २.७ टक्के निघाले. हजार प्रौढांमागे २७. फॉर्म त्यातले २४ पकडेल. उरलेल्या ९७३ पैकी १५ टक्के, म्हणजे १४६ जण, आजार नसताना दहाच्या वर जातील. एकूण १७० नावं, आणि त्यांत मुलाखत घेऊन निदान केलं तर आजार असलेले २४. सात नावांमागे एक.

विदर्भाचंच उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. सुरुवातीच्या पाहणीत पीएचक्यू-९ वर दहा किंवा जास्त गुण असलेले १४.६ टक्के होते. निम्हान्सचे २.७ आणि इथले १४.६ हे शेजारी ठेवून "विदर्भात पाचपट नैराश्य" असं म्हणणारे लेख मी वाचलेत. तसं म्हणता येत नाही. एकाने मुलाखत घेऊन निदान केलं, दुसऱ्याने नुसती फॉर्मची चाळणी लावली. शिवाय निम्हान्सचं सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हताच. विदर्भात त्रास जास्त असेलही. पण या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून ते सिद्ध होत नाही. तुमच्या बैठकीतला "दहाच्या वरचे" हा आकडा चाळणीचाच आहे, त्याला रुग्णसंख्या म्हणू नये. आणि ते १४६ जण निरोगी आहेत असंही समजू नका. त्यांत रक्तक्षय आहे, कर्जाची काळजी आहे, नवऱ्याची दारू आहे. त्यांना मदत हवी, ती मदत वेगळी.

आता "भार". जागतिक पातळीवर तो वर्षांत मोजतात. आजारासोबत काढलेल्या काळाला तीव्रतेचं वजन लावतात (शून्य म्हणजे पूर्ण निरोगी, एक म्हणजे मृत्यूइतकं नुकसान): सौम्य नैराश्याला ०.१४५, मध्यमला ०.३९६, तीव्रला ०.६५८. तुमच्या पाच हजार वस्तीत साधारण साडेतीन हजार प्रौढ धरू. २.७ टक्क्यांनी ९५ माणसं. समजा त्यांत ५० सौम्य, ३० मध्यम, १५ तीव्र, आणि प्रत्येकाचा त्रास सहा महिने चालला (ही वाटणी मी समजावण्यासाठी धरली आहे). मग सौम्य असलेल्या ५० जणांची मिळून ३.६ वर्षं जातात, मध्यम ३० जणांची ५.९ आणि तीव्र १५ जणांची ४.९. एका वर्षात गावाची सुमारे साडेचौदा वर्षं गेली. तीव्र आजाराची १५ माणसं सौम्य ५० जणांपेक्षा जास्त भार उचलतात, आणि तुमच्या बैठकीच्या एका आकड्यात त्यांचं वजन सारखंच. म्हणून तीव्रता न नोंदवता भार सांगताच येत नाही. आत्महत्येने गेलेली वर्षं या हिशेबात नैराश्याच्या नावावर धरत नाहीत, ती वेगळ्या रकान्यात जातात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वांत जास्त. ती वर्षं वर मांडलेल्या साडेचौदात आलेली नाहीत.

देशपातळीवर २०१७ साली ४.५७ कोटी लोकांना नैराश्याचा आजार होता असा अंदाज आहे. तोच निम्हान्सचा अहवाल सांगतो की नैराश्य असलेल्या शंभरांपैकी ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. माझ्या दृष्टीने गावाच्या आराखड्यात हाच आकडा सगळ्यात आधी यावा, आणि तो तुमच्याकडेच तयार होतो. दहाच्या वर किती आले, त्यांतले किती जणांना डॉक्टरांनी तपासून निदान केलं, त्यांतले कामधाम सुटलेले किती, उपचार किती जणांना सुरू झाले, आणि वर आशाताईंनी म्हटलं तसं दुसऱ्यांदा किती गेले. एकाच माणसाचा प्रवास एका ओळीत लिहा. 'विश्राम'मध्ये हेच मोजलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचारासाठी कुठे तरी गेलेले होते, अठरा महिन्यांनी २७.२ टक्के. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघर बोलून हे घडवलं. असा आकडा बैठकीत ठेवला की पुढचा प्रश्न "मग गोळ्या कमी का पडतात" हा येतो, आणि तो यायलाच हवा.

---

मनोसामाजिक_दादा

सरांनी आकड्यांचं नीट सांगितलं. गोळीशिवाय काय करता येतं तेही ताईंना सांगतो, कारण डॉक्टर ठरलेल्या वारीच भेटणार.

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. पीएचक्यू-९ वर १४ पेक्षा जास्त, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र त्रास असलेली ४९५ माणसं. निम्म्यांना केंद्रातल्या नेहमीच्या सेवेसोबत सहा ते आठ बैठका दिल्या. त्या घेणारे समुपदेशक मानसोपचाराचं शिक्षण नसलेले, स्थानिकच. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक दहाच्या खाली आले होते, न मिळालेल्यांत ३९ टक्के. बैठकीत करायचं काय, तर सुटलेल्या गोष्टींतली एक लहानशी गोष्ट माणसाने स्वतः निवडायची आणि दिवस-वेळ ठरवून करायची. मन लागेल तेव्हा करू, असं म्हणत राहिलं तर मन लागत नाही. आधी करायचं, मन मागून येतं.

तरुणाला पहिल्या आठवड्यात शेतावर पूर्ण दिवस जा असं सांगू नका. सकाळी मित्रासोबत डेअरीपर्यंत चालत जायचं, एवढं पुरे. आजोबांना एकदम भजनाला नेऊ नका. आधी दाढी, मग दारातल्या खाटेवर, मग पार. दर भेटीत ठरलेलं झालं की नाही ते वहीत लिहा. नऊ प्रश्न महिन्यातून एकदा पुन्हा विचारा आणि स्कोअर पाच गुणांनी खाली आला का बघा. तेवढा फरक खरा मानतात.

गोळी सुरू झाली तर पहिल्याच दिवशी सांगा: दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ बहुधा आठवडाभरात कमी होते, बरं वाटलं तरी सहा-नऊ महिने चालू ठेवायची, आणि बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू. गोळ्या संपायच्या चार दिवस आधीची तारीख आशाताईच्या डायरीत टाका. सुरुवातीच्या आठवड्यांत तरुणाकडे जास्त लक्ष ठेवा. अंगात थोडी ताकद येते पण मन अजून वर आलेलं नसतं, तो काळ नाजूक.

---

उपकेंद्र_सीएचओ

तिघांचेही मनापासून आभार. बैठकीला मी एका आकड्याऐवजी तुम्ही सांगितल्याप्रमाणे ओळीचा तक्ता नेते, आणि दहावा प्रश्न पाचही आशाताईंना घेऊन पुन्हा बसवते. बाळंतिणींसाठी तिशीची अट न बघता दोन प्रश्न सुरू करते, त्याची नोंद माझ्या रजिस्टरला.

एक राहिलं. आजोबांचा मुलगा म्हणतो, "वयच झालंय, आता कायले डॉक्टर?" त्याला काय सांगू?

---

आशा_गाव_वऱ्हाड

त्याला सांगा, पोळ्याला बैल सजवणारे बाबा यंदा उठले नाहीत, ते वयानं एका महिन्यात होत नाही. आणि सुनेला धरा, मॅडम. बाबांचं जेवण ती वाढते, किती उरते ते तिला माहीत असते. दवाखान्यात तीच घेऊन येईल.